जिवंत बापाला कागदावर मारणाऱ्या सल्लागारास

सल्लागार साहेब,

‘प्रिय’ म्हणावं असं तुम्ही काही केलेलं नाही आणि ‘माननीय’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. तुमचं नाव इथे लिहीत नाही. ते पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीत लिहिलं आहे.

गेल्या पावसाळ्यात श्रीगोंद्यातल्या एका मंगल कार्यालयात तुम्ही पालकांना गोळा केलंत. पडद्यावर हार्वर्ड, येल, एमआयटीच्या इमारती दाखवल्यात. ‘आत आपली माणसं आहेत, शंभर टक्के स्कॉलरशिप, अ‍ॅडमिशनची गॅरंटी,’ असं माइकवरून सांगितलंत. समोर बसलेल्यांत कुकडी कालव्याच्या चारीच्या टेलला दीड एकर लिंबोणी असलेला एक शेतकरी होता. त्याने पतसंस्थेतून कर्ज काढून तुम्हाला अडीच लाख रुपये दिले. त्याच्या मुलाला मी बारावीला फिजिक्स शिकवते. त्या मुलाच्या अर्जात तुम्ही या माणसाला मारून टाकलंत.

बापाचे पैसे खिशात घालून त्याच बापाला कागदावर विष पाजताना तुमचा हात जराही थरथरला नाही?

मुलाखतीची तयारी कर म्हणून तुम्ही मुलाला त्याच्याच नावाचा निबंध पाठवलात. तोवर त्याने तो पाहिलासुद्धा नव्हता. स्टाफरूममध्ये माझ्यासमोर उभा राहून तो मोबाइलवरून वाचायला लागला. कॉमन अ‍ॅप या सामायिक अर्जात या निबंधाला ६५० शब्दांची मर्यादा असते आणि तुम्ही एक शब्द वाया घालवला नव्हता. पहिल्या ओळीत दुष्काळ, दुसरीत सावकार, तिसरीत वडिलांनी कीटकनाशक घेतलं. तिथे तो थांबला. पुढचं मी वाचलं. हा मुलगा म्हणे श्रीगोंदा रोड स्टेशनवर चहा विकतो, रात्री फलाटावरच्या दिव्याखाली कोडिंग शिकतो आणि पाचशे मुलींना शिकवणारी संस्था चालवतो. त्याचे वडील त्या वेळी मार्केट यार्डात लिंबाच्या गोण्या उतरवत होते.

ज्या घरांत हे खरोखर घडलं आहे, त्या घरांतली मुलंही माझ्या वर्गात बसतात. वडील गेल्यावर आईच्या नावावर सातबारा करायला तलाठ्याकडे किती हेलपाटे घालावे लागतात, हे त्यांना विचारा. त्यांचं दुःख तुम्ही न विचारता उचललंत आणि दुसऱ्याला अडीच लाखांना विकलंत. असल्या धंद्याला सल्ला म्हणत नाहीत.

निबंधावर तुमचं भागलं नाही. अर्जात विद्यार्थी शिक्षकाचा ईमेल पत्ता भरतो, त्या पत्त्यावर दुवा जातो आणि शिक्षक आपलं शिफारसपत्र परस्पर पाठवतो. विद्यार्थ्याचं दडपण न येता शिक्षकाचं खरं मत कळावं, म्हणून ही सोय. तुम्ही माझ्या नावाचं जीमेल खातं उघडलंत आणि माझ्या वतीने स्वतःच पत्र लिहून मोकळे झालात. त्या पत्रात मी ‘मिस्टर’ आहे. वीस वर्षं रोबोटिक्सची लॅब चालवणारा आणि या मुलाला राष्ट्रीय स्पर्धेत घेऊन गेलेला मिस्टर! आमच्या कॉलेजात रोबोटिक्सची लॅब नाही. प्रॅक्टिकलला चार मुलांत एक व्हर्निअर कॅलिपर असतो. ज्या बाईच्या नावावर खोटं लिहिता, ती बाई आहे की बुवा एवढं विचारायची तसदी तरी घ्यायचीत.

हे सगळं चाललं, कारण मुलाच्या अर्जाच्या खात्याचा पासवर्ड तुमच्याकडे होता. मुलाने मागितला तेव्हा ‘तू अभ्यासावर लक्ष दे, टेक्निकल आमच्यावर सोड’ असं तुम्ही सांगितलंत. पण अर्ज पाठवण्याआधी एक प्रतिज्ञा असते. यातली सगळी माहिती खरी आहे, लेखन माझं स्वतःचं आहे, खोटं निघालं तर प्रवेश रद्द होऊ शकतो, हे मला मान्य आहे. तिच्याखाली नाव मुलाचं जातं. पकडला गेला तर तो, आणि तुम्ही पुढच्या तालुक्यातल्या पुढच्या मंगल कार्यालयात.

पकडले जातात की नाही, ते तुम्हाला माहीत असायला हवं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात लीहाय विद्यापीठात शिकणाऱ्या एका भारतीय मुलाला अटक झाली. त्याने खोट्या गुणपत्रिका लावल्या होत्या, शाळेच्या मुख्याध्यापकांच्या नावाने खोटा ईमेल पत्ता काढला होता आणि पूर्ण आर्थिक मदत मिळावी म्हणून वडील वारल्याचा बनावट दाखला जोडला होता. वडील भारतात हयात होते. त्याने न्यायालयात गुन्हा कबूल केला, विद्यापीठाने त्याला काढून टाकलं आणि तो भारतात परतला. त्याने जे स्वतः केलं, तेच तुम्ही आमच्या मुलाच्या माथी त्याच्या नकळत मारलंत. त्या मुलाला तुरुंग पाहावा लागला. तुमच्या बाबतीत निदान न्याय व्हावा म्हणून भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी ३१८ आणि बनावट दस्तऐवजासाठी ३३६ ही कलमं आहेत.

पुढे व्हिसा. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात २१२ वं कलम आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देऊन व्हिसा मिळवू पाहणारा कायमचा अपात्र ठरतो. एखाद्या वर्षासाठी नव्हे, कायमचा. शिवाय जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसा मागणाऱ्यांना समाजमाध्यमांवरची खाती खुली ठेवायला सांगतात. या मुलाच्या इन्स्टाग्रामवर वडिलांच्या वाढदिवसाचा फोटो आहे, केक आणि फेट्यासकट. तुमच्या निबंधाप्रमाणे त्या माणसाला तेव्हा मरून चार वर्षं झाली होती.

मला सगळ्यात जास्त संताप कशाचा येतो सांगू? या खोट्याची गरजच नव्हती. हार्वर्ड, प्रिन्स्टन, एमआयटी या विद्यापीठांत ज्या कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला एक लाख डॉलरपेक्षा कमी आहे, म्हणजे आपल्या ढोबळमानाने नव्वद लाख रुपयांपेक्षा कमी, त्या घरच्या मुलाकडून साधारणपणे फी, राहणं, जेवण यांचे पैसे घेतच नाहीत. परदेशी मुलांनाही हेच लागू आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट आणि २०२२ पासून डार्टमथ ही विद्यापीठं परदेशी मुलाला प्रवेश द्यायचा की नाही हे ठरवताना त्याला किती मदत लागेल ते बघत नाहीत. दीड एकर लिंबोणीवाल्याला गरीब ठरवण्यासाठी मरावं लागत नाही. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, त्याचं इंग्रजी भाषांतर आणि विद्यापीठाने मागितलेले कागद पुरतात. ही माहिती त्या विद्यापीठांनी स्वतः जाहीर केली आहे. तुम्ही ती लपवलीत, कारण ती सांगितली असती तर अडीच लाख कशाचे मागितले असते?

‘शंभर टक्के स्कॉलरशिप मिळवून देतो’ म्हणालात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसह आयव्ही लीगमधली आठही विद्यापीठं गुणांवर स्कॉलरशिप देत नाहीत. तिथे मिळते ती घरच्या परिस्थितीनुसार मदत, आणि ती विद्यापीठाची समिती ठरवते. राज्य सरकारचीही मिळेल असं सांगितलंत. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर शिक्षण आणि पीएचडीसाठी आहे. बारावीच्या मुलाला ती लागू होत नाही. अर्जाच्या शुल्काचे पैसे दर विद्यापीठामागे वेगळे घेतलेत. गरजू मुलाला ते शुल्क माफ करून घेता येतं, आणि अर्जातच तशी सोय आहे.

राहिली गॅरंटी. हार्वर्डमध्ये शंभर अर्जांमागे जेमतेम चार जणांना प्रवेश मिळतो. एमआयटीत परदेशी मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण त्याहून कमी. जगभरच्या ऑलिम्पियाडवाल्या मुलांना तिथून नकार येतो. ‘आत आपली माणसं आहेत’ हे वाक्य अमेरिकेतही एकाने विकलं होतं. रिक सिंगर त्याचं नाव. प्रशिक्षकांना लाच दे, परीक्षेत दुसरा बसव, अशी वाट त्याने श्रीमंत पालकांसाठी काढली होती. मार्च २०१९ मध्ये ते प्रकरण फुटलं, काही पालकही तुरुंगात गेले आणि जानेवारी २०२३ मध्ये सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्याची आत खरोखर माणसं होती. तुमचं तेही नाही.

आता या मुलाचं खरं काय होतं ते ऐका, कारण तुम्ही ते ऐकूनही घेतलं नाहीत. त्याच्याकडे एक वही आहे. आठवीपासून तो कुकडीच्या आवर्तनाची नोंद ठेवतो. पाणी सोडल्याची जाहीर तारीख, आपल्या चारीला प्रत्यक्ष पोचल्याची तारीख, किती तास चाललं, कुणी मध्येच दार उचललं. येडगावहून निघालेला कालवा जुन्नर, पारनेर ओलांडून आपल्याकडे येतो. टेलला पाणी शेवटी आणि कमी येतं हे सगळ्यांना माहीत आहे. या मुलाकडे ते आकड्यांत आहे. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची असली की त्या रात्री वडिलांबरोबर दारं धरायला तो जातो, त्याच्याही वेळा त्या वहीत आहेत. फिजिक्सच्या जर्नलच्या मागच्या पानांवर त्याने आलेख काढला होता. हस्त बहाराचा ताण कोणत्या दिवशी तोडला तर पुढचं आवर्तन येईपर्यंत बाग तग धरेल, हे त्यावरून त्याने वडिलांना सांगितलं. वडिलांनी ऐकलं. दोघांचं एकदा चुकलं आणि फूल गळलं, तेही त्याने लिहून ठेवलं आहे.

हे त्याने तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं होतं. तुमचं उत्तर मी वाचलं आहे: ‘बोअर आहे, इमोशनल पाहिजे.’

अमेरिकेतल्या ज्या समित्या पैसेवाल्या घरच्या मुलांचे, महागड्या शिकवण्यांतून घासूनपुसून आलेले हजारो निबंध वाचतात, त्यांच्या टेबलावर कालव्याच्या टेलचा हा मुलगा पोचला असता. प्रवेश मिळाला असताच असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायला मी तुम्ही नाही. पण तो स्वतः पोचला असता.

मराठी माणसाने अमेरिकेला अर्ज करणं काही आजचं नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला पत्र लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटी मी कदाचित पुऱ्या करू शकणार नाही, हे त्यांनी त्यात उघड लिहिलं होतं आणि आपण का आलो, कुणाचा विरोध सोसून आलो, ते सांगितलं होतं. त्याआधी ख्रिस्ती झालात तर मदत करू असं त्यांचे पती गोपाळराव यांना सुचवलं गेलं, तेव्हा त्यांनी ते नाकारलं. कॉलेजने आनंदीबाईंना घेतलं आणि मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबियाला गेले, तेही जे होते ते सांगून. त्या वाटेवर तुम्ही नाका टाकून बसला आहात.

तुमच्यामुळे नुकसान झालं ते एका मुलाचं नाही. पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजातली एखादी मुलगी अर्ज करील. मी तिच्यासाठी खरं पत्र लिहीन. ते तिथे पोचेल तेव्हा माझ्याच नावाचं, पण मी न लिहिलेलं पत्र त्याच कॉलेजच्या नावाखाली आधीच पडलेलं असेल. कुणावर विश्वास ठेवतील ते? शहरातल्या मोठ्या शाळांना कौन्सेलर असतात, त्यांचे विद्यापीठांशी वर्षानुवर्षांचे संबंध असतात. आमच्याकडे फक्त शिक्षकाचा शब्द असतो. तो तुम्ही बाटवलात.

मुलाने त्याच्या नावाने गेलेले आठही अर्ज मागे घेतले आहेत. निबंध माझा नाही, असं प्रत्येक विद्यापीठाला त्याने स्वतः कळवलं. ते पत्र माझं नाही, हे मी कळवलं. यंदा तो सीईटी देईल, पुढच्या वर्षी ठरवलं तर स्वतः अर्ज भरेल. तुमच्याकडून मला तीन गोष्टी हव्या आहेत. अडीच लाख रुपये परत, माझ्या नावाचं खातं बंद, आणि त्या मंगल कार्यालयातल्या आणखी कोणाकोणाच्या नावाने काय काय पाठवलंत त्याची यादी. माफी मागू नका. ती मागायची असेल तर मार्केट यार्डात या आणि ज्याला मारलंत त्याच्यासमोर उभं राहून मागा.

पालकांनो, आता तुम्हाला. परदेशी शिक्षणाची माहिती घ्यायला लाखो रुपये लागत नाहीत. अमेरिकन सरकारची एज्युकेशनयूएसए ही सल्लासेवा मोफत आहे, तिचं केंद्र मुंबईत आहे. राजू केंद्रे यांची एकलव्य ही संस्था घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या पिढीच्या मुलांना उच्च शिक्षणाचं मार्गदर्शन करते. सल्लागार करायचाच असेल तर करा, पण अर्जाचा पासवर्ड मुलाच्याच हातात ठेवा. गॅरंटी देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. आणि अर्ज जाण्याआधी मुलाला शेजारी बसवा, त्यात तुमच्याबद्दल काय लिहिलं आहे ते त्याच्याकडून मराठीत ऐकून घ्या. मगच पाठवू द्या.

आपल्या तालुक्यातली,
बारावीला फिजिक्स शिकवणारी एक शिक्षिका