ऐकलंत का, कात्यायनीला वाचा फुटली!

अहो, या जरा इकडे, भिंतीपाशी. ते बोंबील सरकवा बाजूला, वाळलेत ते. ऐकलंत का, काल भिशीला काय झालं? नाही? कमाल आहे बाई, तुमच्या ए विंगला काही म्हणून काही कळत नाही.

तर आमच्या सूनबाई ते पुस्तक घेऊन आल्या होत्या. 'आरण्यक'. ते हो, अमृता पाटील आणि देवदत्त पट्टनायकांचं, २०१९ मध्ये आलेलं. आहे इंग्रजी, पण पानोपानी चित्रं, त्यामुळे मलाही कळतं. पुस्तक चिवड्याच्या बशीबरोबर फिरत फिरत तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे गेलं. नाव नाही घेत मी, तुम्हाला कळलंच असेल. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणतात कशा, "अच्छा! म्हणजे लिहिलंय त्यांनी, आणि हिने चित्रं काढून दिलीत."

काढून दिलीत म्हणे! जशी काही ब्लाउजला हुकं लावून दिली!

सूनबाईचे कान लालभडक. पण आवाज चढवला नाही हं. म्हणाली, "काकू, ती स्वतः लिहिते. 'कारी' २००८ची, मग 'आदिपर्व', मग 'सौप्तिक'. शब्द तिचे, चित्रंही तिचीच. आणि देवदत्त स्वतः चित्रं काढतात. त्यांच्या 'जय'मधली चित्रं कोणी काढली असं वाटलं तुम्हाला?" काकूंच्या हातातला चिवडा हातातच राहिला. अहो, चेहरा बघायला हवा होतात तुम्ही...

मला गंमत वाटली ती वेगळीच. देवदत्त म्हणजे माणूस आपला मुंबईचाच, चेंबूरकडचा. ग्रँट मेडिकलचा डॉक्टर, कितीतरी वर्षं औषध कंपन्यांत नोकरी, आणि तिथून वळला पुराणांकडे. अमृता गोव्यात वाढलेली, तिथल्याच कला महाविद्यालयातली, पुढे बोस्टनला शिकली. मुंबईत जाहिरात कंपनीत कॉपी लिहायची. फ्रान्समध्ये अंगुलेम म्हणून चित्रकथांचंच गाव आहे म्हणे, तिथेही राहून आली. राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार घेतलेली बाई हो! आता त्याला लिहिता येतं, चित्रंही येतात. हिला चित्रं येतात, लिहिताही येतं. शिवाय दोघांना वेड एकच, महाभारताचं. त्याचं 'जय' २०१०चं, हिचं 'आदिपर्व' २०१२चं. आपल्या सोसायटीत असते ना अशी जोडी, तर एव्हाना लिफ्टमध्ये बोलणं बंद! आणि इथे दोघं मिळून एक पुस्तक करतात, मुखपृष्ठावर दोन्ही नावं. ईगो कुठे ठेवला असेल हो यांनी?

आपल्याकडे जोड्या होत्याच की. 'ललित' मासिकातला ठणठणपाळ आठवतो? लिहायचे जयवंत दळवी, चित्रं वसंत सरवट्यांची. पण दोघेही पुरुष. बाई लिहिणारी म्हणाल तर कमला लक्ष्मण. त्या थामा हत्तीच्या गोष्टी त्यांच्या, आणि चित्रं घरच्याच माणसाची, आर. के. लक्ष्मणांची. म्हणजे ते नवरा-बायको. बाईच्या हातात कुंचला, जोडीला लिहिणारा पुरुष, आणि तो ना नवरा ना भाऊ, नुसता मित्र... सांगा बघू दुसरं नाव. मला तरी पटकन सुचलं नाही.

तर काय सांगत होते... हां, पुस्तक. त्यात आहे कोण, तर याज्ञवल्क्य ऋषींचं घर! ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. दोन बायका, मैत्रेयी आणि कात्यायनी. बृहदारण्यक उपनिषदात महाराज घर सोडून निघाले, म्हणाले, चला, वाटणी करून देतो. मैत्रेयीने विचारलं, या पैशाने मी अमर होईन का? झालं, तिथून तिचं नाव झालं ते आजपर्यंत. तो प्रसंग उपनिषदात दोनदा आलाय, आणि दोन्ही वेळा कात्यायनीच्या तोंडी एक अक्षर नाही. तिच्याबद्दल लिहिलंय काय, तर तिला बायकांपुरतं ज्ञान होतं. बस्स. मग आश्रमात एवढी तोंडं जेवत होती ती कोणाच्या जिवावर? सांगा ना!

आणि नवरा तरी कसला! जनक राजाने शिंगांना सोनं बांधून हजार गाई उभ्या केल्या, जो सर्वांत ज्ञानी त्याने न्याव्यात म्हणून. वाद सुरू व्हायच्या आधीच हे शिष्याला म्हणतात, हाक रे गाई घराकडे! बाकीच्या ब्राह्मणांचे चेहरे काय पडले असतील. एकाने विचारलंच, तुम्हीच का सर्वांत ज्ञानी? तर म्हणे, ज्ञानी असेल त्याला आमचा नमस्कार, आम्हाला आपल्या गाई हव्यात. काय म्हणावं! आता त्या हजार गाई घरी आल्यावर शेण कोणी काढलं, हे काही उपनिषदात लिहिलेलं नाही.

तिथे गार्गी भेटली त्याला. हे सगळं कशावर विणलंय, नि ते कशावर, नि ते कशावर, एकेक धागा ओढतच गेली. शेवटी म्हणाला, आणखी विचारशील तर डोकं गळून पडेल. तरी बाई पुन्हा उठली हो! आणखी दोन प्रश्न टाकलेच, आणि मग तिनेच सगळ्यांना सांगितलं, नमस्कार करा आणि सुटा, याला कोणी हरवणार नाही.

तर पुस्तकात अमृता-देवदत्तांनी काय केलं, गोष्ट दिली कात्यायनीला. गार्गी आहे, मैत्रेयी आहे, पण मधोमध बसलीय ही. अंगाने थोराड, भूकही मोठी, रांधणारी, खाणारी, रानात राहून रान ओळखायला शिकणारी. मला विचाराल तर ती बाई शब्दांत मावली नसती. लेखकाने शंभर वेळा लिहिलं असतं की ती धिप्पाड होती, आपण वाचून विसरलो असतो. चित्रात ती समोर येते आणि हलतच नाही. पान उलटायला मला वेळ लागला. हे ओळखून स्वतःला चित्रं येत असून माणूस दुसरीच्या कुंचल्याला वाट देतो, यालाच मी मैत्री म्हणते. आमच्याकडे माझ्या फोडणीतसुद्धा यांचा चमचा असतो!

बरं, भिशीचं पुढे ऐका. तिसऱ्या मजल्यावरच्या बाई गप्प झाल्या म्हणता? छे! निघताना पुस्तक पिशवीत घातलं, म्हणाल्या, "बघते जरा, चित्रं बरी आहेत." मी म्हटलं, गेलं ते आता. मागच्या दिवाळी अंकांचं काय झालं, आठवतंय ना?

आणि घरी आल्यावर सूनबाईला म्हटलं, ते 'कारी' दे आता वाचायला. पोरगी चपापली. "आई, ते... ते तुम्हाला नाही आवडणार." म्हटलं, का गं? "नाही, म्हणजे... त्यात दोन मुली..." पुढे बोलेचना. पंखा नीट लावत बसली उगाच. म्हटलं, दोन मुली एकमेकींच्या प्रेमात, एक विमानाने निघून जाते, दुसरी गटारात पडून वाचते, तेच ना? अगं, तू गेल्या पावसाळ्यात पुण्याला गेलीस तेव्हाच वाचलं मी. उशीखाली ठेवतेस ना, तेच.