टाकाऊतून महागाऊ

२०१८ साली राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि दहिसरच्या आमच्या इमारतीत घरोघरी मखराचे कारागीर जन्मले. मीही त्यातलाच. "पुठ्ठा काय, घरात पडलेलाच असतो," असं बायकोला ठणकावून सांगितलं. तो नव्हता. मग खोका मिळावा म्हणून एक मिक्सर मागवला. मिक्सर उत्तम निघाला, खोका आखूड. सोनेरी कागद आणि लेस आणायला दादर गाठलं. परतताना विरार लोकलच्या गर्दीने कागदाची चुरगळ केली, तेव्हा ती नक्षी आहे असं ठरलं.

भाद्रपदातल्या दमट हवेत गोंद वाळत नाही, हे साहित्याच्या यादीत कुणी लिहीत नाही. पहाटेपर्यंत कळस बोरिवलीकडे कलला होता, उजवा खांब मीरा रोडकडे. मागे कपड्याच्या चिमट्यांचा आधार दिला, पुढे झेंडूच्या माळा सोडल्या. तयार मखर दीड हजाराला मिळत होतं. आमचं घरगुती, मिक्सर धरून, सहा हजारांत पडलं.

आरतीला आलेल्या शेजारच्या काकू मखर न्याहाळून म्हणाल्या, "अय्या, मुलाने केलं वाटतं? गोड आहे हो!"

मुलगा पुण्यात नोकरी करतो. मी मान डोलावली.