कामात आहे

देवरुखच्या आमच्या घरात माळ्यावर १९९९ सालचा पेंटियम पडून होता. रॅम ३२ एमबी. गेल्या पावसाळ्यात खाली काढला, आतली मेलेली पाल झाडली आणि विंडोज ९८ चक्क सुरू झालं.

त्यात ‘सिस्टीम मॉनिटर’ असतो. ‘प्रोसेसर युसेज’ निवडलं की मशीन किती राबतंय त्याचा आलेख पडद्यावर सरकत राहतो. अण्णा झोपाळ्यावरून उठून आले.

“कार्डिओग्राम काय रे?”

“तसंच समजा.”

“मग अ‍ॅडमिट करा ह्याला.”

माऊस हलवला की टेकडी, वर्ड उघडलं की थेट मार्लेश्वरचे कडे. रॅम संपली की विंडोज तिथलं सामान हार्डडिस्कवरच्या स्वॅप फाइलीत नेऊन टाकतं. त्याची रेघ वेगळी. पडवी गळायला लागली की आई गाद्या माजघरात नेते, माजघरातलं देवघरात कोंबते आणि मग पंचा शोधायला अर्धा तास. तसंच विंडोज पडद्यावर वाळूचं घड्याळ दाखवून शोधत बसतं.

खरी गंमत पुढेच. क्यूबेसिकमध्ये मी दोन ओळी लिहिल्या: कळ दाबली का बघ, नसेल तर पुन्हा बघ. आलेख उभा चढला आणि शंभरावर सपाट झाला. हुबेहूब आमचा कातळाचा सडा!

“एवढं काय करतोय तो?” अण्णांनी विचारलं.

“काही नाही. वाट बघतोय. सेकंदाला हजारो वेळा विचारतोय, दाबलीस का, दाबलीस का.”

अण्णा गंभीर झाले. पुन्हा झोपाळ्यावर जाऊन बसले, नजर फाटकाकडे. पेपर अजून यायचा होता.

क्यूबेसिकसारख्या डॉस प्रोग्रॅमच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘आयडल सेन्सिटिव्हिटी’ नावाची पट्टी असते. ती खाली ओढली की प्रोग्रॅम रिकामा बसलाय हे विंडोजला उशिरा कळतं. वर नेली की लगेच कळतं आणि त्याचा वेळ दुसऱ्याला दिला जातो. मी ती खाली ओढून ठेवली होती.

आतून आईचा आवाज आला, “अहो, रिकामेच बसलात तर नारळ तेवढा सोलून द्या.”

“अगो, रिकामा कुठला? शंभर टक्के कामात आहे. हवं तर ह्याला विचार, आलेख काढून दाखवील.”

आईची पट्टी कायम वरच्या टोकाला. ती नारळ आणि कोयता घेऊनच बाहेर आली.