आजीची आठवण कशी काढावी : नवशिक्यांसाठी

ही मार्गदर्शिका झरी जामणी तालुक्यातल्या घरांसाठी आहे. थोड्या फेरफाराने केळापूर, मारेगाव, वणीतही चालेल. पुण्यात स्थायिक झालेल्या नातवंडांनी ती मोठ्याने वाचावी, म्हणजे बसलेला वऱ्हाडी कान जरा उघडेल.

साहित्यात पहिली वस्तू फोटो. तो नसतोच. कुणाच्या तरी लग्नाच्या अल्बममध्ये नवरीच्या मागे अर्धा खांदा आणि डोक्यावरचा पदर सापडतो, त्यातून आजी कापून काढावी लागते. फ्लेक्सवाला तिच्या मागे धबधबा टाकून देतो. मोबदल्यात 'प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू' हे तीन शब्द फुकट मिळतात, कारण ते त्याच्याकडे आधीचेच टाइप केलेले असतात. बहुतेक नवशिके इथवर येऊन फ्लेक्स चौकात लावतात आणि आठवण काढून झाली असं समजतात.

पुढे जायचं असेल तर जन्मतारीख शोधावी. आधार कार्डावर १ जानेवारी असेल. तिच्या वयाच्या अर्ध्या गावाची तारीख तीच आहे, तेव्हा त्या दिवशी केक कापू नये. त्याऐवजी तहसिलीत कोतवाल बुकाची नक्कल मागावी. जुन्या नोंदी बारशाच्या आधीच्या असत, त्यामुळे बापाचं नाव सापडेल, जात सापडेल, आणि बाळाच्या जागी नुसतं 'मुलगी' असेल. आजोबांकडच्या पुरुषांच्या नकला घरात लॅमिनेशन करून ठेवलेल्या असतात, कारण जात पडताळणीला लागतात. आजीची नक्कल काढायला कुणी जात नाही. जात बापाकडून येते, माया आजीकडून, आणि मायेची पडताळणी समिती सरकारनं अजून नेमलेली नाही.

आजी पैनगंगेपलीकडची असेल तर काम आणखी वाढतं. तिकडे निजामाचं राज्य आणि महसुली कागद उर्दूत. नमुन्यादाखल आमचीच आजी घ्या. आदिलाबादकडच्या एका गावातून नदी उतरून ती सासरी आली तेव्हा अलीकडे मध्य प्रांत आणि वऱ्हाड होता. १९४८ च्या सप्टेंबरात माहेरचा निजाम गेला. १ नोव्हेंबर १९५६ ला एकाच दिवशी सासर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात पडलं आणि माहेर हैदराबादेतून आंध्र प्रदेशात. १९६० साली महाराष्ट्र झाला, २०१४ साली तेलंगण. एवढ्या काळात बाई सपरीतून वावरात आणि वावरातून सपरीत. "कोणाचं राज्य होतं ओ आजी तवा?" असं विचारलं, तर म्हणायची, "सासूचं."

तारखा अशाच काढाव्या लागतात. "तुझा मोठा मुलगा केव्हा झाला?" या प्रश्नाला उत्तर येत नाही. "तवा पऱ्हाटी किती मोठी होती?" असं विचारा, मग सगळं येतं: पऱ्हाटी कमरेएवढी होती, नदीला पूर होता, सुईण नावेनं आली. बहात्तरचा दुष्काळ ही दुसरी खूणगाठ. त्याच्या आधीचं आणि नंतरचं, असे दोन ढीग करून ठेवावेत.

आता मुख्य कृती. आजीनं केलेलं काम लिहून काढावं. माया लिहू नये, काम लिहावं. 'आजीनं आम्हाला वाढवलं' हे वाक्य खोडून त्या जागी कसं वाढवलं ते लिहावं. सून निंदायला गेली की बाळ आजीकडे. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ किती वळसे उगाळायचं, हे बाळाच्या वयावर. पायांवर आडवं घेऊन न्हाऊ घालणं, मग निखाऱ्यावर ओव्याची धुरी. वेचणीच्या दिवसांत तीही वावरात, तेव्हा लुगड्याची झोळी धुऱ्यावरच्या पळसाला, एक तास वेचायचा, एक झोका द्यायचा. पहिल्या वेचणीआधी सीतादहीचा दहीभात तिच्याच हातचा. संध्याकाळी ओटीतला कापूस काट्यावर चढायचा तेव्हा परक्या बायांची मजुरी किलोवर निघायची. घरच्या बाईचा कापूस मोजत नसत, तो घरचाच. रात्री ज्वारीच्या भाकरी, सकाळी शेणसडा, मधल्या काळात एखाद्या नातवाचा ताप. शिवाय तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल घेऊन येणाऱ्या गावभरच्या पोट्ट्यांचा बोजारा, तोही तिच्याच कमरेच्या पिशवीतून. हे सगळं लिहायला घेतलं की वही पुरत नाही, म्हणूनच बहुधा 'कष्टाळू' हा शब्द निघाला असावा.

यातलं निम्मं तुम्हाला माहीत नसेल. मुलगे सांगू शकत नाहीत, त्यांना झोळीत झोप लागलेली होती. आत्यांना विचारावं. शेवटच्या आजारपणात कूस कुणी बदलली, भाताची पेज कुणी भरवली, याची खात्रीशीर माहितीही आत्या आणि मोठी काकू यांच्याकडेच मिळते.

दोष वगळू नयेत. आमची आजी साय नातवांना द्यायची आणि नातींना ताक. वावरात राबणाऱ्या कोलाम गड्याचा चहाचा कप तिनं वेगळा, गोठ्याच्या खुंटीला ठेवला होता, आणि त्याच गड्याच्या बायकोचं बाळंतपण अडलं तेव्हा रात्री कंदील घेऊन ती गेली. कप त्यानंतरही गोठ्यातच राहिला. दोन्ही लिहावं. फक्त कंदील लिहिला तर तो पुन्हा फ्लेक्सच होतो.

सरकारी कागदांत ती थोडीफार सापडते. श्रावणबाळ योजनेचं निवृत्तीवेतन चालू असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. म्हणजे वर्षातून एकदा तरी कुणीतरी अधिकृतपणे विचारत होतं, बाई आहे का? विधींचं मार्गदर्शन इथे देत नाही. अक्षय तृतीयेची घागर, पितृपक्षातलं पान, हे घरच्या रीतीनं करावं आणि भाजीत मीठ जास्त झालं तर आजीच्याच नावानं खपवावं.

उरला शेवटचा भाग, ज्यात नवशिके नव्हे तर मुरलेले लोक चुकतात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत करावी, मग वारसांच्या फेरफारासाठी तलाठ्याकडे जावं (आता त्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला होता, आणि १९९२ साली शासनानंही बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावण्याचं परिपत्रक काढलं. काही घरांत आजीचं नाव तेव्हा चढलं, बऱ्याच घरांत आजोबा गेल्यावर. ते कसंही चढलेलं असो, तिच्या मालकीच्या जमिनीत मुलगे आणि मुली सारखेच वारस आहेत, १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून. आदिवासी कुटुंबांना तो कायदा आपोआप लागू होत नाही. तिथे रूढीचा प्रश्न येतो, आणि आपल्या तालुक्यात अशी घरं पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांनी वकिलाला विचारावं.

बाकीच्या घरांत मात्र तेरवीच्या पंगती उठायच्या आत एक कागद तयार झालेला असतो. त्याचं नाव हक्कसोडपत्र. आत्या रडून डोळे सुजवून बसलेल्या असतात, भाऊ म्हणतो, "बाई, इथं सही कर, रीतच हाय." आणि ज्या बाईनं आईची कूस बदलली ती मुकाट्यानं सही करते. कृपा करून तो कागद त्यांच्यापुढं ठेवू नका. सातबाऱ्यावर आत्यांची नावं चढू द्या, फोटोला हार मग घाला.