वस्तऱ्याखाली गळा कसा द्यावा

गुळगुळीत गळ्याचं श्रेय लोक न्हाव्याला देतात आणि कापलं तर दोषही त्यालाच. श्रेयापुरतं ठीक आहे. तो हे काम दिवसभर, रेडिओ ऐकत, दारातून जाणाऱ्याला हाक मारत, बिनबोभाट करत असतो. घोळ घालतं ते गिऱ्हाईक. न्हावी कुणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं उमेदवारी करून वस्तऱ्यापर्यंत पोचतो. खुर्चीत बसणाऱ्याला मात्र कुणीच काही शिकवलेलं नसतं. ती उणीव इथे भरून काढू.

आधी मुहूर्त. रविवारी सकाळी जाणं म्हणजे स्वतःहून संकट ओढवून घेणं. बाकावर सहा जण, सातवा दारात उभा राहून ‘किती नंबर आहेत?’ विचारतोय, आणि न्हाव्याचा हात गळ्यावर असला तरी हिशेब बाकाचा चाललेला. सोमवारी बहुतेक दुकानं बंद. शनिवार उत्तम. शनिवारी दाढीला हात न लावणाऱ्या समस्त भाविकांनी खुर्ची तुमच्यासाठी मोकळी सोडलेली असते; त्यांच्या श्रद्धेचा आदर करावा आणि सरळ जाऊन बसावं.

बसल्या बसल्या, साबण लागायच्या आत, ‘दादा, ब्लेड नवीन टाका हं,’ एवढं बोलून घ्यावं. हे वाक्य एड्सच्या जनजागृतीच्या काळात महाराष्ट्राच्या तोंडी बसलं आणि जिभेवर राहिलं. न्हावी काही न बोलता कागदासकट ब्लेड मधोमध मोडतो, अर्धं वस्तऱ्यात सरकवतो, अर्धं पुढच्याला. जुनं का नको, याला कावीळ आणि रक्तातल्या इतर रोगांचं कारण तर आहेच; शिवाय विज्ञानाचंही एक आहे. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली केस कापून पाहिले. माणसाचा केस पोलादापेक्षा पन्नासएक पट मऊ, पण तो कापला जाताना वाकला की तिरपा जोर येऊन धारेचा बारीक टवका उडवतो. वरून मऊ दिसणाऱ्या माणसांविषयी आपल्याकडे हे आधीपासून ठाऊक होतं, प्रयोगशाळेची गरज नव्हती.

मग पाणी आणि ब्रश. न्हावी एका हाताने फेस करत दुसऱ्या हाताने फोन कानाला लावून मेहुण्याशी प्लॉटविषयी बोलत असेल, तर खाकरू नये. पाणी पिऊन केस मऊ व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, आणि मेहुणा तेवढा वेळ घेतोच. घाई असलेल्यांनी ध्यानात ठेवावं की बिनपाण्याची हजामत दुसऱ्याची करायची असते.

आता गळा. गाल म्हणजे सपाट माळ, तिथे कुणीही वस्तरा चालवेल. गळ्यावरचे केस मात्र एकमताने वाढत नाहीत. जबड्याखालचे खाली जातात, कॉलरजवळचे वर येतात, कंठमण्याच्या बाजूला एक भोवरा असतो आणि कानाखालची मंडळी आडवी निघालेली असतात. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत याहून जास्त एकवाक्यता असते. म्हणून चांगला न्हावी आधी बोटाने चाचपतो, केस कुठे वळलेत ते बघतो, अंगठ्याने कातडी ताणतो आणि वस्तरा तीसेक अंशांत तिरका धरून केसाच्या कलाने उतरवतो. खरी कला त्या ताणण्यात आहे. कातडी सैल राहिली की सुरकुती उभी राहते, आणि वस्तऱ्याला सुरकुती आणि केस यांतला फरक कळत नाही.

इथे तुमचं एकमेव काम सुरू होतं: आवंढा न गिळणे. आवंढा गिळताना कंठमणी सुमारे दोन सेंटिमीटर वर उडी मारतो. वस्तरा तिथेच असेल तर उडी अर्ध्यावर थांबते. आणि डोकं मागे, गळा उघडा, छताचा पंखा फिरताना दिसतोय अशा अवस्थेत प्रत्येकाला आवंढा येतोच. त्यामुळे हनुवटी वर जाण्यापूर्वी एकदा व्यवस्थित गिळून घ्यावं आणि पुढची संधी वस्तरा पुसायला वर उचलला जाईल तेव्हा साधावी.

याहून अवघड म्हणजे गप्प बसणं. न्हाव्याला प्रश्न सुचतात ते नेमके धार कंठावर असताना. ‘काय साहेब, या वेळी येतंय का सरकार?’ मराठी माणूस शत्रूच्या तावडीत मौन पाळेल, पण अशा प्रश्नावर मत राखून ठेवणं त्याच्या रक्तात नाही. तरी पाळावं. या स्थितीत ‘हं’ हा एकच उद्गार सुरक्षित आहे, तोही नाकातून. विरोधी मत असेल तर लांब ‘हं’. विनोदावर हसू नये. पोट हललं की गळा हलतो. शेजारच्या खुर्चीतल्याने तुमच्या पक्षाला शिव्या घातल्या तरी डोळे मिटून घ्यावेत.

पहिला हात झाल्यावर विचारणा होते: ‘उलटा मारू का?’ गालावर खुशाल हो म्हणा. गळ्यावर नाही म्हणा. उलट्या हाताने केस कातडीच्या आत कापला जातो, मग तो वाकून आतच वाढतो आणि चौथ्या दिवशी कॉलरला घासणाऱ्या लाल पुटकुळ्या उठतात. आडवा हात पुरतो. लग्नाला चार दिवस असलेल्या तरुणांना हे कधी पटत नाही, म्हणून लग्नाच्या अल्बमांत नवरदेवाचा गळा तसा दिसतो.

इतकं सगळं पाळूनही परक्या माणसाच्या हातात धार आणि आपला गळा, ही धाकधूक राहतेच. तिच्यावर इतिहासाचा उतारा घ्यावा. 1660 साली शिवाजी महाराज पन्हाळ्यावरून निसटावेत म्हणून त्यांचा वेश करून पालखीत बसलेले आणि जीव दिलेले शिवा काशीद नाभिक होते. वस्तरा कुठे चालवायचा नाही, हेही या मंडळींनी ठरवून दाखवलंय: 1890 मध्ये मुंबईच्या नाभिकांनी, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने, विधवांचं केशवपन करायला नकार दिला. तुमच्या गळ्याशी यांचं काही वैर नाही.

ऑनलाइन जर्मन वस्तरा मागवून घरीच प्रयोग करू पाहणाऱ्यांना थोडक्यात एवढंच, की धार लावायच्या पट्ट्यावर वस्तरा पाठीकडून ओढायचा, धारेकडून ढकलायचा नाही, नाहीतर दाढीआधी पट्टा कापला जाईल; आणि पहिला महिना फक्त गाल.

शेवटी तुरटी. ती बारीक चिरांचं रक्त थांबवते आणि प्रत्येक चीर कुठे आहे हेही कळवते. चेहरा हलवू नये, बाकावरचे बघत असतात. एवढ्यात न्हावी दोन्ही हातांत तुमचं डोकं धरून प्रेमाने म्हणेल, ‘मान मोडून देऊ?’ आता तोंड मोकळं आहे, तेव्हा स्पष्ट नाही म्हणावं. अशा हिसक्याने मानेतली मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून फाटू शकते, आणि तिथे तुरटी चालत नाही. त्याला वाईट वाटू नये म्हणून खांदे दाबायला सांगावेत आणि सरकारविषयीचं राहिलेलं मत तेवढ्यात देऊन टाकावं.