श्रीपूरचा मोटारमीमांसक

ज्याच्या दारात मोटार नाही, अथवा असलीच तर तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे केव्हाच उलटून गेली आहेत, आणि तरीही बाजारात येऊ घातलेल्या प्रत्येक छोट्या मोटारीचे नाव व रूप यांविषयी ज्याचा निकाल ती विक्रीस येण्यापूर्वीच लागलेला असतो, अशा गृहस्थास येथे ‘मोटारमीमांसक’ ही संज्ञा योजिली आहे. हा वर्ग महाराष्ट्रात सर्वत्र आढळत असला, तरी त्याचे निर्भेळ रूप पाहावयाचे असल्यास सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर या साखरेच्या गावी जावे लागते. १९३४ साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे हे गाव नावारूपास आले आणि आज ते श्री पांडुरंग सहकारी साखर कारखान्याच्या भोंग्यावर आपली घड्याळे लावते. अशा गावात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही, हंगामाने येतो. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस तुटून गेल्यापासून १४ दिवसांत त्याचे पैसे शेतकऱ्याला मिळावयाचे असतात. ऊस गेला आहे आणि बिल यावयाचे आहे, अशा या अवधीत मोटार घेता येत नाही, पण तिचा विचार मात्र पूर्ण अधिकाराने करता येतो. मोटारमीमांसेचा उगम या अवधीत शोधला पाहिजे.

मीमांसकाची बैठक कारखान्याच्या फाटकाबाहेरील चहाच्या टपरीवर असते. समोरून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर टेपवर गाणी लावून गव्हाणीकडे, म्हणजे ऊस ज्या पट्ट्यावर टाकला जातो त्या जागेकडे, सरकत असतात आणि त्यांच्या मागे अडकलेल्या प्रत्येक मोटारीचे निरीक्षण करण्यास त्याला पुरेसा वेळ मिळतो. पुण्यात वा मुंबईत मोटार डोळ्यांसमोरून निघून जाते. श्रीपुरात गळिताच्या दिवसांत ती समोर उभी राहते, आणि उभ्या मोटारीवरच शास्त्र रचता येते.

आपल्या अधिकाराविषयी त्याला शंका नसते, कारण हा अधिकार तो इतिहासातून काढतो. वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरात झाला. त्यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाटच्या परवान्याने मोटारी बाहेर पडल्या. त्याच वालचंदांच्या नावाचे वालचंदनगर तर नीरेच्या पलीकडे, इंदापूर तालुक्यात, हाकेच्या अंतरावर आहे. यावरून भारतीय मोटार ही मुळात सोलापूरची लेक असून तिच्या नावाविषयी बोलण्याचा पहिला मान माहेरच्यांचा, असा सिद्धान्त तो मांडतो. या सिद्धान्ताला एक अडचण आहे, पण ती त्याला कोणी दाखवीत नाही. १९७०च्या दशकात त्या मोटारीचे ‘पद्मिनी’ असे अस्सल भारतीय नामकरण झाले, तेव्हा माहेरच्यांनी ते नाव कधी उच्चारलेच नाही; शेवटची पद्मिनी रस्त्यावरून जाईपर्यंत सोलापूर जिल्ह्यात तिला ‘फियाट’च म्हटले गेले. तरीही आजकालच्या विदेशी धाटणीच्या नावांवर बोलताना मीमांसक पद्मिनीचा दाखला हमखास देतो आणि सुस्कारा टाकतो.

नावाची परीक्षा तो दोन कसोट्यांवर घेतो. पहिली उच्चाराची: ‘तोंडात बसतंय का बघा.’ दुसरी, जी तो मोठ्याने सांगत नाही पण खरी निर्णायक असते, ती सोयरिकीची. मुलीकडचे पाहुणे आले असता ‘गाडी कोणती?’ या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात द्यावे लागते आणि त्या शब्दात घराची ऐपत मावावी लागते. छोट्या मोटारीच्या नावाचे मुख्य काम तिचे छोटेपण झाकणे हे असते, हे मर्म कंपन्यांच्या आधी श्रीपूरला कळले होते, असे म्हणण्यास आधार आहे. ‘मारुती’ हे नाव १९८३ साली आले तेव्हा गावोगावी वेशीवर त्या नावाचे देऊळ आधीच उभे असल्यामुळे ७९६ घन सेंटिमीटरच्या त्या इवल्या यंत्रास बळाची कमतरता भासली नाही. १९९८ सालच्या ‘सँट्रो’चे नाव फ्रान्सच्या सां-त्रोपे या समुद्रकाठच्या गावावरून घेतले होते, हे इकडे कोणास ठाऊक नव्हते आणि ठाऊक असण्याचे कारणही नव्हते, नाव भारदस्त होते, एवढे पुरले. याउलट १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीत जगापुढे आलेल्या ‘नॅनो’ने आपले खरे माप नावातच सांगून टाकले. ६२४ घन सेंटिमीटरचे मागे बसवलेले इंजिन, एकच वायपर, प्रत्येक चाकाला तीनच नट, या साऱ्यामागे पुण्यातील अभियंत्यांचे खरोखर मोठे कौशल्य होते. काटकसर हीही एक कला आहे हे ऊस पिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. परंतु काटकसर करणे वेगळे आणि काटकसरीने ओळखले जाणे वेगळे. ‘लाखाची गाडी’ हा मान त्या मोटारीला एवढा जड झाला की पाहुण्यांपुढे तिचे नाव घेण्याऐवजी ‘चारचाकी आहे’ एवढेच सांगण्याची प्रथा पडली. मीमांसकाने मात्र नॅनोच्या आतील ऐसपैस जागेचे कौतुक केले, आणि ती घेतली नाही.

त्याच्या कारकिर्दीतील सुवर्णकाळ म्हणजे २०१५-१६चा हिवाळा होय. टाटा मोटर्सने आपल्या नव्या छोट्या मोटारीचे नाव ‘झिका’ असे जाहीर केले. ‘झिपी कार’, म्हणजे चपळ मोटार, या दोन शब्दांची ती जुळणी होती. मीमांसकाने त्याच आठवड्यात टपरीवर निवाडा दिला की हे नाव चालणार नाही, कारण ते लाडाने हाक मारता येण्याजोगे नाही आणि रागाने उच्चारले तर शिवीसारखे वाटते. पुढे दक्षिण अमेरिकेत डासांपासून पसरणाऱ्या त्याच उच्चाराच्या विषाणूने हाहाकार माजवला, १ फेब्रुवारी २०१६ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी जाहीर केली, आणि लगोलग कंपनीने नाव बदलण्याचा निर्णय सांगितला. त्याच आठवड्यात ग्रेटर नोएडाच्या वाहनमेळ्यात मात्र ती मोटार जुन्याच नावाने उभी होती, कारण पाट्या आधीच लागल्या होत्या. कार्य घडले होते, भाकीत त्याआधीचे होते. मध्ये विषाणू आला हा केवळ योगायोग, असे मानण्यास मीमांसकाला कोणतीही तर्कशास्त्रीय अडचण वाटली नाही. ‘आपण आधीच बोललो हुतो’ हे वाक्य त्या फेब्रुवारीत टपरीवर इतक्या वेळा उच्चारले गेले की चहावाला ते पुरे होण्याची वाट न पाहता कप पुढे सरकवू लागला.

यानंतर कंपनीने लोकांकडूनच नावे मागवली आणि सिव्हेट, अ‍ॅडोअर व टियागो अशी तीन नावे निवडीसाठी पुढे ठेवली. या टप्प्यावर मीमांसकाची विद्वत्ता पणास लागली, कारण नाव वाईट आहे हे सांगण्यात त्याची हयात गेली होती, चांगले कोणते हे कोणी विचारले नव्हते. सिव्हेट हे एका रानमांजरासारख्या निशाचर प्राण्याचे इंग्रजी नाव असून त्याच्या कुळातील एका प्राण्यास मराठीत कांडेचोर म्हणतात, हे कळताच उसाच्या गावात त्या नावाचा निकाल लागला. कांडेचोरास फडातून हाकलण्याची परंपरा असलेला शेतकरी त्याच्यात बसून पंढरीला जाणार नाही, एवढे कोणासही कळते. अ‍ॅडोअर उच्चारताना पाव्हण्यापुढे जीभ अडखळण्याचा धोका होता. उरले टियागो. बहुमताने ते नाव ठरले, ६ एप्रिल २०१६ रोजी मोटार विक्रीस आली, आणि मीमांसकाने आपला कल टियागोकडेच होता असे सांगून दुसऱ्याच दिवशी ते नाव ‘त्याग’ या शब्दाच्या फार जवळ जाते असा आक्षेप नोंदवला. येथे त्याच्यावर विसंगतीचा आरोप करणे अन्यायाचे ठरेल. आक्षेप हे त्याचे मत नसते, ती त्याची हजेरी असते.

रूपाची मीमांसा नावापेक्षा अवघड, कारण तिला परिभाषा लागते. मीमांसक मोटारीकडे समोरून कधीच पाहत नाही; समोरून गिऱ्हाईक पाहते. तो बाजूला जातो, उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि ‘व्हीलबेस’ मोजल्यासारखे करतो. व्हीलबेस म्हणजे पुढील व मागील चाकांच्या मध्यांमधील अंतर. टियागोत ते २,४०० मिलिमीटर आहे, आणि ही संख्या त्याला मुलांच्या जन्मतारखांपेक्षा पक्की पाठ असते. चाकाच्या पुढे वा मागे जो भाग अधांतरी राहतो त्यास ‘ओव्हरहँग’ म्हणतात, आणि तो जितका आखूड तितकी मोटार रस्त्यावर रोवून उभी राहिल्यासारखी दिसते. हे सर्व बरोबर आहे, एवढेच नव्हे तर चांगल्या आरेखकांनाही मान्य होईल. अडचण इतकीच, की हे सांगून झाल्यावर तो ‘पण मागची बाजू बिघडवली’ हे वाक्य जोडल्याशिवाय उठत नाही. समोरची मोटार कोणतीही असो, मागची बाजू बिघडलेलीच असते.

मागच्या बाजूच्या या सार्वत्रिक बिघाडाचे एक कारण मात्र दिल्लीत आहे, आणि ते सांगताना मीमांसक खरोखरच उपयुक्त ठरतो. २००६च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरपेक्षा आखूड आणि ठरावीक क्षमतेच्या आतील इंजिनाच्या मोटारींना करात सवलत मिळाली, आणि तेव्हापासून भारतात मोटारीचे रूप आरेखकाच्या पेन्सिलीइतकेच करखात्याच्या फूटपट्टीनेही ठरू लागले. २००८ सालची इंडिगो सीएस आणि २०१२ सालची आखूड केलेली डिझायर या डिकीच्या मोटारी त्या फूटपट्टीतून निघाल्या. शेपूट तोडलेल्या बैलासारखी, असे त्या घाटाचे वर्णन मीमांसकाने केले होते, आणि ते इतके चपखल बसले की पुढे दोन वर्षे डिझायर घेणाऱ्या प्रत्येकास आपल्या मोटारीचे समर्थन करावे लागले. ते त्यांनी डिकीत खताची पोती भरून दाखवून केले.

नावाच्या बाबतीत मीमांसकाचा खरा प्रतिस्पर्धी कंपनी नसते. तो वडापवाला असतो. वडाप म्हणजे सीटमागे पैसे घेऊन गावोगाव माणसे वाहणारी खाजगी जीप, आणि ती चालवणारा मनुष्य कोणत्याही वाहनास क्षणार्धात असे नाव ठेवतो की मूळ नाव कागदावरच उरते. २००५ साली ‘एस’ या इंग्रजी नावाने आलेला टाटांचा छोटा मालटेम्पो ‘छोटा हत्ती’ झाला, तोंड पुढे काढलेली जुनी तीनचाकी ‘डुक्कर’ झाली. यांपैकी एकाही नावासाठी सल्लागार नेमावा लागला नाही. मीमांसक अशा नावांना ग्राम्य मानतो आणि बोलताना तीच वापरतो. उलट सुमो हे नाव जपानी मल्लांवरून नसून टेल्कोचे सुमंत मुळगावकर यांच्या नाव-आडनावाच्या आद्याक्षरांवरून आले, ही खरी माहिती तो वडापवाल्यास दरवर्षी सांगतो, आणि वडापवाला दरवर्षी ती नव्याने ऐकून घेतो, कारण तेवढ्यात आणखी दोन सीट भरतात.

अलीकडच्या काळात चाकणच्या कारखान्यातून येणाऱ्या स्कोडाच्या छोट्या मोटारीने त्याला पुन्हा उमेद दिली. २०२४ साली कंपनीने लोकांकडून नाव मागवताना, ते इंग्रजी ‘के’ने सुरू व्हावे आणि ‘क्यू’ने संपावे, अशी अट घातली. देवनागरीत ही दोन्ही अक्षरे ‘क’च असल्याने श्रीपुरात कनक, कौतुक आणि कणीक हे तीन पर्याय दहा मिनिटांत तयार झाले, त्यांपैकी तिसऱ्यास टपरीवर सर्वाधिक मते पडली. निवड झाली ती ‘कायलॅक’ची, आणि ते सुचवणाऱ्या केरळातील स्पर्धकास मोटार बक्षीस मिळाली. संस्कृतातील स्फटिकवाचक शब्दावरून हे नाव घेतल्याचे कंपनीने सांगितले, तेव्हा मीमांसकाने आपल्या चिरंजीवांच्या संस्कृतच्या शिक्षकांकडे विचारणा केली. शिक्षकांनी मोटारीची किंमत विचारली.

२२ सप्टेंबर २०२५ रोजी छोट्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला आणि वरचा उपकरही गेला, ही घटना गिऱ्हाइकास आनंदाची असली तरी मीमांसकास संकटाची होती, कारण ‘किंमत उतरू दे, मग बघू’ हा त्याचा शेवटचा आधार त्यामुळे सुटला. त्या दसऱ्यापासून त्याच्या टीकेचा सारा भार नावावर व मागच्या दिव्यांच्या घाटावर येऊन पडला आहे.

विशेष म्हणजे प्रत्यक्ष मोटार घेणारा शेजारी शोरूमला जाताना त्यालाच सोबत नेतो. ‘अण्णा, तुमी बगून सांगा’ असे म्हटल्यावर अण्णांची वाणी बदलते. तेथे तो व्हीलबेस काढीत नाही, नावाचा विषय टाळतो. ॲव्हरेज किती, पाच माणसे व एक म्हातारी मागे मावतील का, गतिरोधकावर बूड घासणार नाही ना, एवढे तीन प्रश्न विचारतो, आणि रंग पांढराच घ्यावा, विकताना बरा पडतो, असा सल्ला देतो. सगळे प्रश्न अचूक असतात. एवढे व्यवहारज्ञान असलेला मनुष्य टपरीवर त्याचा मागमूसही लागू देत नाही, ही या वर्गाविषयीची सर्वांत आदरणीय गोष्ट म्हटली पाहिजे.

मोटार अकलूजच्या परिवहन कार्यालयाचा एमएच ४५ क्रमांक घेऊन गावात येते, नारळ फुटतो, आणि मग नामकरणाचा खरा विधी होतो. कंपनीने देशभर गाजावाजा करून ठरवलेले नाव मागील दाराच्या कोपऱ्यात बोटभर उंचीच्या चकचकीत अक्षरांत असते; मालकाने रेडियमच्या दुकानात उभ्या उभ्या ठरवलेले नाव सबंध मागील काच व्यापते. शेजारच्या महाळुंगच्या यमाईचे नाव बहुधा पहिल्या ओळीत येते, मुलांची नावे दुसऱ्या ओळीत, आणि जागा उरल्यास भावकीला उद्देशून एखादे सुभाषित. मीमांसक येथेही हजर असतो. तिरपी अक्षरे या काचेच्या उताराला शोभत नाहीत, शिवाय मागचा वायपर फिरला की ‘प्रसन्न’मधला अर्धा भाग निघून जाईल, असा आक्षेप तो घेतो. आक्षेप रास्त असतो. पण रेडियमवाल्याने तोवर ‘प्रसन्न’ कापून ठेवलेले असते.