अजून थोडं थांबू

आमच्या बँकेतल्या नानांना डिजिटल कॅमेरा घ्यायचा होता. 2001 साली घ्यायचा होता, 2002 साली घ्यायचा होता आणि 2004 साली तर अगदी नक्की घ्यायचा होता.

शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक सुटली की डोंबिवलीची गाडी पकडण्याआधी नाना बोरा बाजारात शिरत. खांद्याला शबनम, शबनममध्ये वही. उभा जन्म लेजरवर गेलेला, त्यामुळे वहीत रकाने आखलेले: मेगापिक्सेल, झूम, सेल, कार्ड, भाव बिलासह, भाव बिलाशिवाय. ऑप्टिकल झूमचा आकडा निळ्या शाईत. डिजिटल झूमवर सरळ लाल काट. "पेपरातला फोटो भिंगाखाली धरला तर माणूस जवळ येतो का? ठिपके मोठे होतात!"

दुकानात कॅमेरा हातात आला की लोक तो डोळ्याला लावतात. नाना तो उलटा करत आणि अंगठ्याच्या नखाने झाकण उघडून आत डोकावत. "कॅमेऱ्याचं रूप काय बघायचं? आधी गोत्र बघावं." गोत्र म्हणजे कार्ड. कॉम्पॅक्टफ्लॅश हे काडेपेटीएवढं, जुनं, दणकट घराणं. स्मार्टमीडिया पोह्याच्या पापडासारखं पातळ. हातात धरायची भीती. एसडी पोस्टाच्या तिकिटाएवढं, नव्याने वर आलेलं. आणि सोनीची मेमरी स्टिक? "यांच्या सोयरिकी घरातल्या घरात."

डब्यात मिळणाऱ्या 16 एमबीच्या कार्डाला नाना 'तीर्थ' म्हणत. तळहातावर घ्यायचं, पोट भरायचं नाही. 3 मेगापिक्सेलचे चांगल्या प्रतीचे फोटो त्यात दहाएक मावणार. 36 च्या रोलवर वाढलेला माणूस तेवढ्यात बारसंसुद्धा उरकू शकत नाही.

काउंटरवरचा पोऱ्या सुरुवातीला विचारायचा, "काका, लेना क्या है?" पुढे तोच गोंधळलेलं गिऱ्हाईक नानांकडे पाठवू लागला. नाना वही उघडत, गिऱ्हाईक पाच मिनिटांत कॅमेरा घेऊन जाई. आमच्या शाखेत तर शिपायापासून मॅनेजरसाहेबांपर्यंत सगळ्यांचे कॅमेरे नानांच्या सल्ल्याने आले. स्वतःची पाळी आली की मात्र 2 चे 3 मेगापिक्सेल झालेले असत, 3 चे 4 होऊ घातलेले असत. नाना वही मिटून म्हणत, "अजून थोडं थांबू. दिवाळीनंतर उतरेल."

एकदाच त्यांचा संयम सुटला. 2002 च्या सुरुवातीला 128 एमबीचं स्मार्टमीडिया कार्ड त्यांना फार स्वस्तात मिळालं. "आता कॅमेरा काय, कधीही!" असं म्हणून त्यांनी ते देवघराच्या फळीवर ठेवलं. त्याच वर्षी ऑलिंपस आणि फुजी, स्मार्टमीडियाचे दोन मोठे आश्रयदाते, एक्सडी नावाचं नवंच कार्ड घेऊन आले. नानांच्या घरी मंगळसूत्र तयार आणि वधूचं सगळं घराणंच गाव सोडून गेलेलं!

परवा आमच्या कॅशिअरच्या मुलीच्या लग्नाचे 2004 सालचे फोटो कॉम्प्युटरवर बघत होतो. कॅमेरा अर्थात नानांनीच सुचवलेला. सगळी शाखा ओळीने उभी, हसरी, स्वच्छ. नाना एकाच फोटोत सापडले, तेही मागे कोपऱ्यात, पाठमोरे. लग्नाच्या फोटोग्राफरचा कॅमेरा त्यांनी उलटा धरला होता आणि अंगठ्याचं नख झाकणात घातलं होतं.